शेवटच्या रांगेतून

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटायला घरी आला. भिवंडीच्या उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेला हा मुलगा आता मुंबईच्या एका कला महाविद्यालयात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी त्याचे वडीलही आले. मुलगा आनंदात होता, वडील काळजीत होते. दोघांच्या बोलण्याचा विषय मात्र एकच होता, तो म्हणजे नाटक.

वडील म्हणाले, "सर, आपणच त्याला समजवा. रंग आणि कागद यांचाच खर्च झेपत नाही. चित्रकला शिकायला पाठवले, तर हा नाटके पाहत फिरतो. सप्टेंबरात तर एकांकिका पाहायला थेट पुण्याला गेला. याला शिक्षण म्हणायचे का?"

मी त्यांना चहा दिला आणि एवढेच म्हणालो, "विचार करून सांगतो." तो विचार मी येथे मांडत आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीही काहींचे पेन्सिल धरलेले हात वहीच्या शेवटच्या पानावर सतत काहीतरी रेखाटत असतात. म्हणून हा प्रश्न तुमचाही आहे.

आधी वडिलांची बाजू सांगतो, कारण त्यांची काळजी खोटी नाही. ते तरुणपणी कातिब होते. त्या काळी उर्दू वर्तमानपत्राचे प्रत्येक पान कातिब हाताने लिहीत असत. हे गृहस्थ रोज भिवंडीहून मुंबईच्या छापखान्यात जात आणि रात्री उशिरा परत येत. त्यांचे नस्तालीक अक्षर पाहून लोक थांबत. पुढे १९८१ साली पाकिस्तानातील 'जंग' या दैनिकाने संगणकावर जुळवलेले नूरी नस्तालीक वापरायला सुरुवात केली. १९९०च्या दशकात आपल्याकडच्या उर्दू छापखान्यांतही संगणक आले आणि कातिबांची बैठक उठली. मग त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. काही वर्षांनी छापील फ्लेक्स आले आणि पाट्याही गेल्या. आज ते एका बाइंडिंगच्या दुकानात वह्या शिवतात. ज्या कलेने आपल्याला अर्ध्या वाटेत सोडले, त्याच वाटेने मुलगा निघाला आहे, हे पाहून कोणत्या बापाला झोप लागेल?

तरीही माझे मत असे आहे की, मुलाचे नाटक पाहायला जाणे ही चैन नाही. तो त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे. का, ते सांगतो.

डिझाइन म्हणजे सजावट, असा आपल्याकडे समज आहे. वहीच्या पानाभोवती वेलबुट्टी काढली की डिझाइन झाले, असे आपण मानतो. खरे तर डिझाइन म्हणजे दुसऱ्याच्या गरजेचा विचार करून केलेली रचना. आपल्या घरातला लोटा पाहा. मराठीत त्याला तांब्याही म्हणतात. त्यात पाणी किती मावावे, तो एका हातात नीट बसावा, ओतताना पाण्याची धार सरळ पडावी, आतून हात घालून घासता यावा, भरल्यावर कलंडू नये, अशा किती गोष्टी त्यात सांभाळल्या आहेत! चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्या देशात आले होते. त्यांनी १९५८ साली जो अहवाल दिला, त्यात उत्तम डिझाइनचा नमुना म्हणून या साध्या लोट्याचीच निवड केली. पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट तर त्याच्याही कितीतरी आधीचे, १८५७ सालचे.

आता या मुलाचा दिवस कसा असतो ते ऐका. पहाटे उठून तो कल्याण गाठतो आणि तेथून लोकल पकडतो. गाडीत बसायला जागा मिळाली, तर झोपलेल्या, पेंगणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या प्रवाशांची रेखाटने करतो. एका विषयासाठी दहा-बारा कच्चे आराखडे काढावे लागतात. त्यांतला एखादाच शिक्षकांना पसंत पडतो आणि कधी तोही पडत नाही. रात्री जागून केलेले काम "पुन्हा करून आणा" या तीन शब्दांत परत येते. वडिलांना वाटते तसे हे शिक्षण मौजेचे नाही. त्यात मेहनत आहे आणि मान खाली घालून ऐकून घेणेही आहे.

दुसऱ्या वर्षी महाविद्यालयाच्या एकांकिकेसाठी नेपथ्य करायला मुले हवी होती. याचे अक्षर चांगले, म्हणून मित्रांनी त्यालाही ओढून नेले. त्याला एक पाटी रंगवायची होती. पाटीवर शब्द होता 'दवाखाना'. त्याने दोन दिवस खपून पाटी केली. अक्षरे बारीक आणि नाजूक, कडेला निळी किनार. सगळ्यांनी वाहवा केली. एकांकिका बसवणारी मुलगी त्याच्या एक वर्ष पुढे होती. तिने पाटी रंगमंचावर टांगायला लावली आणि त्याला म्हणाली, "आता वर जा. शेवटच्या रांगेत बस आणि वाच."

तो गेला. तेथून पाटीवर फक्त निळसर डाग दिसत होता. शब्दच दिसत नव्हता.

मला तो म्हणाला, "सर, त्या दिवशी मला फार लाज वाटली. मी अक्षर सुंदर काढले होते, पण ते कोणासाठी काढतो आहे, हे मी स्वतःला विचारलेच नव्हते." त्याने ती पाटी पुसली आणि रात्रीतून दुसरी केली. नवीन पाटीला किनार नव्हती. अक्षरे जाड होती आणि दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा होती. ती दिसायला साधी होती, पण शेवटच्या रांगेतून वाचता येत होती.

मित्रांनो, वर्गात शिक्षक चूक दाखवतात, तेव्हा आपण मनातल्या मनात वाद घालतो. नाटकात मात्र चूक दाखवायला शेकडो माणसे समोर बसलेली असतात. त्यांना पाटी वाचता आली नाही, तर ती वाचता आली नाही, तेथे वाद नाही. ज्याच्यासाठी आपण काम करतो, तो माणूस समोर बसलेला दिसावा, अशी दुसरी शाळा मला तरी माहीत नाही.

शिवाय विद्यार्थ्यांच्या नाटकात पैसा नसतो. ही अडचण आहे, पण हाच त्यातला मोठा धडा आहे. पुण्यात १९६३ सालापासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेत आली आहे. मुंबईत इप्टाची अशीच स्पर्धा हिंदुस्थानी भाषेतील नाटकांसाठी होत असते. अशा स्पर्धांत एका एकांकिकेमागून दुसरी होते. मागची मुले सामान उचलतात न उचलतात, तोच पुढची मुले आपले मांडू लागतात. भारी पडदे, खरे दरवाजे, मोठे जिने आणणार कोठून? म्हणून एक खुर्ची कधी सिंहासन होते, तर कधी बसचे आसन होते. थोडक्यात जास्त कसे सांगावे, हे तेथे शिकायला मिळते. आमचा विद्यार्थी पुण्याला गेला, तो हेच पाहायला. बसऐवजी पायी चालून त्याने तिकिटाचे पैसे जमवले होते.

या रीतीचे मोठे उदाहरण मराठी रंगभूमीवर आहे. १९७२ साली पुण्यात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक रंगमंचावर आले. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल. त्या नाटकात माणसांचाच पडदा केला होता. नट एका ओळीत उभे राहून गात, डोलत. ते पाठ फिरवून उभे राहिले की भिंत तयार होई. ओळ उघडली की मागे नवा प्रसंग दिसे. लाकूड नाही, कापड नाही, तरी सारे पुणे शहर उभे राही! जब्बार पटेल हे शिक्षणाने डॉक्टर. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असतानाच ते नाटकात रमले होते.

दुसरे नाव इब्राहिम अल्काझी यांचे. अरब कुटुंबातला हा मुलगा १९२५ साली पुण्यात जन्मला. ते स्वतः चित्रे काढत. १९६२ ते १९७७ या काळात ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. १९६३ साली त्यांनी धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींमध्ये सादर केले. युद्धाने उजाड झालेल्या जगाची गोष्ट सांगायला त्याहून योग्य जागा कोणती असणार? त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी नाटकांची वेशभूषा करत. त्यांनी भारतीय पोशाखाच्या इतिहासाचा अभ्यास करून त्यावर पुस्तके लिहिली. चित्रकला, नाटक आणि अभ्यास यांच्यामध्ये आपण उभारतो ती भिंत या माणसांच्या घरी नव्हती.

कोणी म्हणेल, सगळीच नाटके चांगली असतात का? नसतात. काहींत नुसता आरडाओरडा असतो, काहींत नुसती नक्कल असते. परंतु वाईट नाटकातही नेपथ्य का फसले, प्रकाश चुकीच्या जागी का पडला, हे पाहणाऱ्याला कळते. कोणी म्हणेल, तालमीच्या नादात अभ्यास बुडतो. हे मात्र खरे आहे. मी स्वतः असे विद्यार्थी पाहिले आहेत. म्हणून मी त्या मुलाला स्पष्ट सांगितले, "नाटक पाहा, नेपथ्य कर, पण वर्गातले काम वेळेवर दे. आणि घरी न सांगता पुण्याला जाऊ नकोस." त्याने मान डोलावली.

उरला पोटापाण्याचा प्रश्न. यंत्र आले आणि कातिबाचे काम गेले, हे खरे. पण त्या यंत्रातली अक्षरे कोणी घडवली? नूरी नस्तालीकसाठी हजारो जोडअक्षरे मिर्झा अहमद जमील यांनी हाताने लिहिली आणि ते स्वतः खत्तात होते. आपण संगणकावर मराठी वाचतो, तेव्हा पुष्कळदा 'मंगल' नावाचे अक्षर समोर येते. ते र. कृ. जोशी यांनी घडवले. तेही सुलेखनकारच होते आणि मुंबईच्या आयआयटीत शिकवत होते. हत्यार बदलते. बोरू जातो, कुंचला जातो, उद्या संगणकही बदलेल. परंतु अक्षर वाचणारा माणूस कोठे उभा आहे, त्याला काय दिसते, हे ओळखणारी नजर ज्याच्याकडे आहे, त्याला नवे हत्यार हातात घेता येते. ज्याच्याकडे फक्त हात आहे आणि ही नजर नाही, त्याची मात्र अडचण होते. प्रत्येकाला हमखास नोकरी मिळेल, असे मी म्हणणार नाही. तसे वचन इंजिनियरलाही कोणी देत नाही.

म्हणून माझे तीन आग्रह आहेत. पहिला तुम्हा विद्यार्थ्यांना. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसा. पण तेथील संकल्पचित्र आणि अक्षरलेखन केवळ गुणांसाठी करू नका. काढलेले चित्र भिंतीवर लावा, दहा पावले मागे जा आणि पाहा. दुसरा आग्रह पालकांना. मुलगा किंवा मुलगी चित्र काढत असेल, तर "वेळ वाया घालवू नकोस" म्हणण्यापूर्वी ते चित्र एकदा हातात घ्या. तिसरा आग्रह आम्हा शिक्षकांना. वर्षातून एकदा तरी मुलांना जवळच्या महाविद्यालयातली एकांकिका दाखवायला न्या. ती मराठी असेल तर अधिकच चांगले. मराठीच्या तासाला जे शब्द कानांवरून जातात, ते रंगमंचावरून ऐकले की मनात राहतात.

हे सारे मी त्या वडिलांच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मी म्हणालो, "पुढची एकांकिका असेल तेव्हा आपणही चला. आपण दोघे शेवटच्या रांगेत बसू." ते म्हणाले, "पाहू." होकार काही दिला नाही.

मी उठून दारापर्यंत आलो, तेव्हा त्यांनी मुलाला हाक मारली. लेखणीच्या टोकाच्या रुंदीला कातिब 'कत' म्हणतात आणि त्या मापाने अक्षर मोजतात. त्यांनी विचारले, "बेटा, ती दुसरी पाटी केलीस ना, तिच्यातले अक्षर किती कतचे ठेवले होतेस?"

मुलगा आत गेला आणि वही घेऊन आला. मी दार ओढून घेतले आणि जिना उतरलो. दोघे बराच वेळ बोलत असावेत.