निबंधाच्या तासाला खेळ का नको?

निबंधाचा तास म्हटला की वर्गातील निम्मी मुले समास आखत बसतात. समास आखून होतो, तारीख घालून होते, 'पावसाळ्यातील एक दिवस' हे शीर्षक वळणदार अक्षरात काढून होते आणि मग पेन थांबते. ज्यांच्या घरी गाईड असते ती पाठ केलेले उतरवतात. ज्यांच्या घरी नसते ती शेजाऱ्याचे. या मुलांना लिहिता येत नाही असे आपण खुशाल म्हणतो. मला ते मान्य नाही. काय लिहिले म्हणजे चुकते, एवढेच त्यांना नीट शिकवलेले असते.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आईला सहीपुरतीच अक्षरे येतात. परंतु हळदीकुंकवाला तिला नाव घ्यायला सांगा. उभ्या उभ्या यमक जुळवून वडिलांचे नाव त्यात बसवते. नाव आलेच पाहिजे, यमक जुळलेच पाहिजे, एवढे दोन नियम. उखाणा हा खेळच की! तिलाच कोणी 'पतीविषयी दहा ओळी सांगा' म्हटले असते, तर पदर तोंडाला लावून ती आत निघून गेली असती. मोकळे मैदान भिववते. आखलेल्या चौकोनात मात्र लंगडी घालायलाही माणूस उतरतो.

इटलीतील बालसाहित्यिक जान्नी रोदारी काही काळ प्राथमिक शिक्षक होता. त्याने १९७३ साली गोष्टी रचण्याच्या अशा युक्त्यांवर एक पुस्तकच लिहिले. त्यातील एक खेळ फारच साधा आहे. फळ्याच्या एका बाजूला एका मुलाने शब्द लिहायचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने, एकमेकांचा न पाहता. समजा, 'कुत्रा' आणि 'कपाट' आले. आता जोडा! आपल्याकडे तर विभक्तीचे प्रत्यय हाताशी आहेत: कुत्र्याचे कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा. प्रत्येकात एक गोष्ट दडलेली. व्याकरणाचा कंटाळवाणा तक्ता असा कामाला येईल, असे मला शाळेत कधी वाटले नव्हते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही पाचवीच्या वर्गात हा खेळ चिठ्ठ्यांवर खेळलो. शब्द निघाले 'एस.टी.' आणि 'भाकर'. एका पोराने भाकरीची एस.टी. केली; चाके गरम, म्हणून पळते जोरात. वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तिने 'एस.टी.तली भाकर' घेतली आणि पाच ओळी लिहिल्या. तालुक्याला शिकणाऱ्या दादाचा डबा आई रोज एस.टी.ने पाठवते, गाडी बंद पडली त्या दिवशी डबा संध्याकाळी तसाच परत आला 'व्हता'. 'माझा भाऊ' या विषयावर तिने हे लिहिले असते काय?

तो 'व्हता' लाल शाईने कापावा की नाही, यावर आमच्यात रात्री वाद झाला. प्रमाणभाषा आम्हालाच जास्त हवी. तिच्यावाचून परीक्षा नाही की नोकरी नाही. पण ती दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच्या तासाला करता येते. खेळ चालू असताना लाल पेन खिशात राहावे. आणि पहिला-दुसरा नंबर तर मुळीच नको. बक्षीस लावले की ज्यांना आधीच लिहिता येते तीच पोरे पुन्हा पुढे येतात.

पन्नासाच्या पटाला हे जमणार कसे, अभ्यासक्रम मागे पडेल त्याचे काय, हे आक्षेप खरे आहेत. मात्र या खेळाला वीस मिनिटे आणि रद्दी कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात, हे आम्ही पाहिले आहे. शिवाय चिठ्ठ्या मुलांनीच काढायच्या. शब्द गुरुजींनी निवडले की पुन्हा 'वृक्ष' आणि 'मित्र' येणार!

आता थोडे आपल्या घरचे. या वार्षिकासाठी 'साहित्य पाठवा' अशी सूचना दरवर्षी फलकावर लागते आणि दरवर्षी तीच आठ-दहा नावे छापून येतात. पुढच्या वर्षी मराठी विभागाने सूचनेखाली एक डबा ठेवावा, त्यात चिठ्ठ्या. प्रत्येकाने दोन उचलायच्या. प्राध्यापकांनीही.