पुस्तक मिटल्यावर काय उरतं?



गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. भाचा यंदा बारावीला आहे. "अरे, पोरगा पहाटे पाचला उठतो, कोचिंगहून आला की परत पुस्तक घेऊन बसतो. आणि फिजिक्सच्या टेस्टमध्ये सत्तरपैकी एकवीस! तू जरा बोल ना त्याच्याशी."

रविवारी पोहे-जिलबी बांधून घेतली आणि तिच्याकडे गेलो. भाच्याचं पुस्तक पाहिलं. निम्मं पान पिवळं, उरलेलं गुलाबी. विचारलं, "कुठलं चॅप्टर पक्कं झालंय?"

"इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन, मामा. चार वेळा वाचलंय."

"मस्त. आता पुस्तक मिट आणि लेन्झचा नियम सांग."

तो सुरू झाला, अडखळला, थांबला. मग म्हणाला, "मामा, सकाळीच वाचलंय. बघितलं की लगेच आठवतं."

या वाक्याने मी थोडा हललोच, कारण इंजिनीअरिंगला मीही हेच म्हणायचो. एम-थ्रीची सोडवलेली उदाहरणं मी पाच-पाच वेळा वाचली होती. प्रत्येक पायरीला मान डोलावली होती. पेपरात कोरं पान समोर आलं आणि पहिलीच पायरी सुचेना. बॅक लागला, तोही दोनदा. सातव्या सेमिस्टरला पहिली कंपनी कॅम्पसला आली तेव्हा माझा तिसऱ्या प्रयत्नाचा निकाल यायचा होता. बॅक असलेल्यांना बसता येणार नव्हतं. मित्र आत परीक्षा देत होते आणि मी कँटीनमध्ये त्यांच्या बॅगा सांभाळत होतो.

माझी चूक आळसाची नव्हती, भाच्याचीही नाही. आम्ही दोघंही 'ओळखीचं वाटणं' म्हणजेच 'येणं' असं समजत होतो. गल्लीतला माणूस रोज दिसतो, चेहरा ओळखीचा असतो, पण नाव विचारलं तर सांगता येत नाही. चार वेळा वाचलेल्या धड्याचं तसंच होतं.

यावर एक सुंदर प्रयोग झाला आहे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एकच उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. आपला भाचा पहिल्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवून होता. परीक्षा मात्र आठवड्याने असते.

म्हणजे पहिली गोष्ट, आठवणं. वाचून झालं की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि जे आठवेल ते लिहायचं. नंतर पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. ते लाल म्हणजेच पुढचा अभ्यास.

दुसरी, अंतर. 1885 साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. तीच उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांवर वाटली तर कमी कष्टात टिकते, हेही त्यालाच दिसलं. म्हणून आज केलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आठवून बघायचं. थोडं विसरू लागल्यावर आठवायला जोर लागतो, आणि तो जोरच कामाचा.

तिसरी, मिसळ. एका चॅप्टरची वीस गणितं ओळीने सोडवली की सूत्र कुठलं हे ठरवावंच लागत नाही, वरच्या गणितात वापरलेलं खाली लावायचं. पेपरात मात्र कुठलं सूत्र लावायचं हाच खरा प्रश्न असतो. 2007 साली रोहरर आणि टेलर यांनी विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. सरावात एकेक प्रकार संपवणाऱ्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची 60. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिले 20 टक्क्यांवर आले आणि दुसरे 63 वर.

या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या ठेवू नका. आम्ही त्या एकत्र बांधल्या त्या मिठाईच्या तीन रिकाम्या डब्यांनी. ही कल्पना मुळात सेबास्टियन लाइटनर यांची, 1972 सालची. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा रविवारी. उत्तर न बघता आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की थेट पहिल्या डब्यात. कार्डं सगळ्या विषयांची पिसून ठेवायची. गणितांसाठी रविवारी तीन जुन्या चॅप्टरमधली दहा गणितं उलटसुलट क्रमाने. एक पथ्य मात्र पाळायचं. जे समजलेलंच नाही त्याचं कार्ड करायचं नाही. आधी समजून घ्यायचं, मग कार्ड.

आपल्या घरांत हे अगदीच नवीन नाही. आजी पोळ्या लाटता लाटता मध्येच विचारायची, "सतरा आठे किती?" पाढा पहिल्यापासून म्हणायची सोय नसायची. दोन दिवसांनी परत तोच प्रश्न. आठवणं, अंतर, मिसळ, तिन्ही त्यात होतं, आणि आपल्या भाषेने त्याला 'उजळणी' हा किती नेमका शब्द दिलाय!

आता खरं अवघड ते सांगतो. ही पद्धत करताना बरं वाटत नाही. पहिल्या आठवड्यात भाचा वैतागला होता, "मामा, असं वाटतं मला काहीच येत नाही." मी म्हटलं, तेच तुला पेपरात कळण्याऐवजी आज घरात कळतंय. तिसऱ्या आठवड्यात लेन्झचा नियम त्याने फोनवर सांगितला, उदाहरणासकट. पुढच्या टेस्टला सत्तरपैकी चौतीस आले. फार नाहीत, पण बोर्डाला अजून वेळ आहे.

आणि परवा ताईचा परत फोन. "अरे, हा पुस्तक मिटून छताकडे बघत बसतो. अभ्यास करतोय की टाइमपास?"

आईबाबांनो, तुमच्यासाठी एवढंच. उघडं पुस्तक आणि मोठ्याने वाचण्याचा आवाज म्हणजे अभ्यास, ही आपली जुनी सवय आहे. छताकडे बघणारं पोर कदाचित त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम करत असेल. त्याला पाच मिनिटं द्या. मग शेजारी बसा आणि म्हणा, "काय आठवलं, सांग बघू मला."