सारखा ट्रिप होतो म्हणून ईएलसीबी काढून टाकू नका!



गेल्या हिवाळ्यात पाचवीच्या वर्गात विजेच्या सुरक्षिततेवर बोलत होते. "ओल्या हाताने बटण दाबू नये," हे मुलांनी एका सुरात सांगितलं. मी विचारलं, "शॉक लागला तर आपोआप वीज तोडणारं उपकरण कुणाच्या घरी आहे का?" एक मुलगा उठला. "बाई, आमच्याकडे होतं. सारखी लाइट जायची, म्हणून वायरमनकाकांनी डायरेक्ट करून दिलं." वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या घरीही हेच ठरलं होतं!

आमच्याकडे रोज सकाळी सहाच्या सुमारास ईएलसीबी पडायचा. गिझर, मिक्सर, पाण्याची मोटर सगळं एकदमच चालू असायचं. "लोड जास्त होतोय," असं घरातले म्हणायचे. वायरमनदादा म्हणाले, "मॅडम, काढून टाकू, कटकट संपेल." मीही होकार दिला होता. पण त्या मुलाचं वाक्य ऐकल्यावर वाटलं, वर्गात मी शिकवतेय काय आणि घरी करतेय काय?

मुळात हे उपकरण लोडमुळे पडतच नाही. आपण बोलताना ईएलसीबी म्हणतो, पण आज बसवतात ते आरसीसीबी. त्याचं काम मी मुलांना सहलीच्या उदाहरणाने सांगते. सहलीला निघताना आपण मुलं मोजतो, परत येतानाही मोजतो. ४२ गेली आणि ४१ आली, तर गाडी जागची हलत नाही. आरसीसीबी तेच करतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला, तर ठीक. कमी आला, म्हणजे तो दुसरीकडून जमिनीत चाललाय. कदाचित एखाद्याच्या शरीरातून! घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असेल, तर तेवढी गळती होताच तो ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडतो.

मग एमसीबी आहे की, असं तुम्ही म्हणाल. पण दिव्यांच्या लाइनवरचा ६ अँपिअरचा एमसीबी घ्या. ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर, ३० च्या दोनशे पट. ९ वॉटच्या एलईडी बल्बला साधारण ४० मिलिअँपिअर लागतात. एवढासा करंट छातीतून गेला, तरी माणसाच्या जिवावर बेतू शकतं, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज आणि एमसीबी वायर वाचवतात. माणूस वाचवायला आरसीसीबीच लागतो.

ट्रिप होत असेल तर काय करायचं?

१. सगळे एमसीबी बंद करा आणि सगळ्या उपकरणांचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण न्यूट्रलच्या बाजूची गळती तशीच राहते.

२. आरसीसीबी चालू करा. मग एकेक एमसीबी, त्यानंतर एकेक उपकरण चालू करत जा. ज्याच्यावर पडेल, दोष तिथे. गिझर, इस्त्री, मोटर, फ्रिज आणि पावसात भिजलेले बाहेरचे दिवे हे नेहमीचे संशयित.

३. सगळे प्लग काढूनही पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र झाले किंवा न्यूट्रल आणि अर्थिंगची वायर कुठे जोडली गेली, तरीही तो पडतो. इन्व्हर्टर बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर हीच शंका आधी घ्या. इथून पुढचं काम मात्र परवानाधारक वायरमनचंच. स्वतः बोर्ड उघडू नका.

आमच्या घरी दोष निघाला गिझरच्या कॉइलमध्ये. त्याच गिझरच्या पाण्याने माझी मुलगी रोज अंघोळ करून शाळेत जात होती. ज्याला आम्ही कटकट म्हणत होतो, तो रोज सकाळी आम्हाला सावध करत होता.

नवीन बसवताना

माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० किंवा ३०० चा त्यासाठी नसतो. त्याची अँपिअर क्षमता मेन एमसीबीपेक्षा कमी नको. एमसीबीही हवाच, कारण ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट आरसीसीबीला कळत नाही. अर्थिंग तर हवंच हवं. अर्थिंग चांगलं असेल, तर दोष निर्माण होताच तो पडतो. नसेल, तर कुणीतरी हात लावल्यावर पडतो. हा फरक लहान नाही. आणि एक लक्षात ठेवा: एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल आला आणि जमिनीकडे काहीच गेलं नाही, तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही. म्हणून तो आहे म्हणून निष्काळजीपणा नको.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. लगेच पडला, तर यंत्रणा चालू आहे. नाही पडला, तर वायरमनला बोलवा आणि लागलं तर बदलून घ्या.

शिक्षक मित्रांनो, विजेचा पाठ शिकवून झाल्यावर एक घरचा अभ्यास जरूर द्या: "आई-बाबांना टेस्टचं बटण दाबायला सांगा, तुम्ही लांबून बघा आणि काय झालं ते वहीत लिहा." मी हा अभ्यास दिला, तेव्हा बऱ्याच वह्यांत एकच वाक्य आलं: "आमच्या घरी असं काही नाही." त्या वह्या मी पालकसभेत पालकांसमोर ठेवल्या. शाळेच्या मेन बोर्डकडेही एकदा बघा. तिथे तर आपण दोन-अडीचशे मुलांची जबाबदारी घेतलेली असते.

आज घरी गेल्यावर पहिलं काम हेच करा. मीटरजवळचा बोर्ड बघा. बटण सापडलं तर दाबा. नाही सापडलं, तर वायरमनला उद्याच फोन करा.