उत्तर जुळले, प्रयोग राहिला

दहावीच्या विज्ञानात लाळेचा प्रयोग आहे. स्टार्चच्या द्रावणात लाळ मिसळायची, थोड्या वेळाने आयोडीन टाकायचे आणि निळा-काळा रंग आला नाही की 'स्टार्चचे पचन झाले' असे लिहायचे. अनेक शाळांत हा प्रयोग फळ्यावरच उरकतो व साऱ्या वर्गाच्या जर्नलांत एकच निष्कर्ष एकाच शब्दांत उतरतो. गुणही पूर्ण मिळतात. तरीही यात मुलांचे नुकसान आहे, असे आम्हांला वाटते. या प्रयोगातले खरे शिक्षण निष्कर्षात नाही, मोजण्यात आहे.

लाळेतील अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. त्याची ताकद ते किती वेगाने काम करते यावरून कळते. म्हणून दर मिनिटाला नळीतील एक थेंब पांढऱ्या टाइलवरील आयोडीनमध्ये टाकावा आणि निळा रंग येणे कितव्या मिनिटाला थांबले ते लिहावे. एका नळीला चार मिनिटे व दुसरीला बारा मिनिटे लागली, तर फरक कळतो. अर्ध्या तासाने एकदाच पाहिले, तर दोन्ही नळ्या सारख्याच दिसतील. १९१३ साली मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांचा अभ्यास केला, तोही क्रियेचा सुरुवातीचा वेग मोजूनच.

सोबत तुलनेच्या नळ्या हव्यात: एक लाळेविना, एक उकळलेल्या लाळेची, एक बर्फात ठेवलेली. बर्फातले विकर मंदावते, पण ऊब मिळताच पुन्हा कामाला लागते; उकळलेले मात्र कायमचे निकामी होते.

आता विकराला अडवणाऱ्या पदार्थाची, म्हणजे रोधकाची, परीक्षा पाहू. चिरलेल्या सफरचंदाला लिंबू लावले की ते लवकर काळे पडत नाही, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. तेव्हा लाळेच्या नळीतही कोणी लिंबू पिळेल. आंबटपणाने अमायलेज मंदावते, म्हणजे निळा रंग टिकायला हवा. पण तो उडालेला दिसू शकतो! कारण लिंबातील क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवते. लाळ न घातलेल्या स्टार्चमध्ये लिंबू पिळून पाहिले, की खरा प्रकार उघड होतो. मग लिंबाऐवजी व्हिनेगर घेऊन प्रयोग पुन्हा करावा. जर्नल उतरवून काढणाऱ्या मुलाला हे कधीच भेटणार नाही.

हा पोरखेळ नव्हे. जपानमधील अकिरा एन्डो यांनी १९७०च्या दशकात शरीरात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या विकराचा रोधक शोधण्यासाठी सुमारे ६,००० सूक्ष्मजीवांचे अर्क तपासले. त्यातून एका बुरशीत कॉम्पॅक्टिन सापडले. स्टॅटिन गटातले ते पहिले औषधी द्रव्य. आपल्यापैकी कित्येक आजी-आजोबा याच गटातली गोळी रोज घेतात. त्या शोधामागे हीच शिस्त होती: मोजा, तुलना करा, पुन्हा तपासा.

खर्चाची सबब येथे चालणार नाही. परीक्षानळ्या, ड्रॉपर, थर्मामीटर, आयोडीन आणि पातळ केलेली तांदळाची पेज एवढ्यात काम भागते. लाळेचा संकोच वाटत असेल, तर मोड आलेली नाचणी पाण्यात वाटून, गाळून वरचे नितळ पाणी घ्यावे. त्यातही अमायलेज असते. कमी पडतो तो वेळ. विश्वस्तांनी प्रयोगासाठी सलग दोन तासिका मिळतील असे पाहावे. शिक्षकांनी पुस्तकाशी न जुळलेल्या, पण प्रामाणिकपणे नोंदलेल्या निरीक्षणालाही गुण द्यावेत. पालकांनी 'जर्नल पूर्ण झाले का?' या प्रश्नासोबत 'तुझ्या नळीला किती मिनिटे लागली?' हेही विचारावे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमचा आकडा शेजारच्यापेक्षा वेगळा आला तर खोडू नका. तो वेगळा का आला, ते शोधा.