आधी एमआरआय, मग सुई

प्रोस्टेटच्या एमआरआयसाठी कुणी आलं की आमच्या सेंटरवरची मुलगी एक प्रश्न हमखास विचारते, "काका, तुकडा काढून झालाय का? कधी?" हा प्रश्न मी मुद्दाम फॉर्मवर घालून घेतला आहे. उत्तर बऱ्याचदा "मागच्या आठवड्यात" असं येतं, आणि मग त्या माणसाला निदान सहा आठवडे थांबायला सांगावं लागतं. दहा-बारा ठिकाणी सुई जाऊन आलेल्या प्रोस्टेटमध्ये रक्त साकळलेलं असतं. एमआरआयमध्ये ते कधी कॅन्सरला झाकतं, तर कधी कॅन्सर नसलेल्या जागी कॅन्सरचा भास निर्माण करतं. जत-आटपाडीहून एसटीने आलेले सत्तरीचे अण्णा, रजा टाकून सोबत आलेला मुलगा, आणि त्यांना मी तपासणी न करता परत पाठवायचं. हे मला पटत नाही, कारण सुईच्या आधी ते माझ्याकडे आले असते तर ही फेरी वाचली असती, आणि कदाचित सुईसुद्धा.

मी मिरजेत रेडिओलॉजिस्ट आहे. माझं म्हणणं सरळ आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय आला की आधी एमआरआय व्हावा, त्यात संशयाची जागा दिसली तर नेमकी तिथे सुई जावी. मोठ्या शहरांतले अनेक युरॉलॉजिस्ट आज हेच करतात. इंग्लंडमध्ये तर २०१९ पासून सरकारी मार्गदर्शक सूचनाच तशी आहे. आपल्याकडे मात्र हा क्रम रुग्ण कुठल्या गावात राहतो आणि त्याच्या खिशात किती पैसे आहेत यावर ठरतो.

जुनी रीत अशी. रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन चारच्या वर गेलं की गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून प्रोस्टेटचे दहा-बारा तुकडे काढायचे. अडचण ही की सोनोग्राफीत प्रोस्टेट दिसतं, त्यातला कॅन्सर बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून ग्रंथीचे मनाने भाग पाडून प्रत्येक भागातून ठरावीक तुकडे घ्यायचे. १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी सहा तुकड्यांची पद्धत मांडली, पुढे सहाचे बारा झाले, पण अंदाज तो अंदाजच राहिला. जतच्या माळावर पाणी न बघता बोअर मारत जावं तसं हे काम. ग्रंथीच्या पुढच्या भागातली गाठ तर मागून जाणाऱ्या सुईच्या वाटेतच येत नाही. अशा माणसाला "रिपोर्ट नॉर्मल आहे" असं सांगून घरी पाठवलं जातं, पीएसए वाढत राहतं, आणि वर्षाने पुन्हा तेच बारा तुकडे.

हा अंदाज किती चुकतो हे ब्रिटनमधल्या 'प्रॉमिस' अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवून दिलं. ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय केला. मग दर पाच मिलिमीटरवर सुई घालून सगळी ग्रंथी पिंजून काढली, आणि नेहमीची दहा-बारा तुकड्यांची बायोप्सीही केली. ज्या कॅन्सरवर खरोखर उपचार हवेत, त्यातला ९३ टक्के एमआरआयने पकडला. नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक हुकला. ज्या तपासणीवर आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं भिस्त ठेवली, तिचा हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तो पेपर पुन्हा वाचून काढला होता.

एमआरआयला हे जमतं कसं? निरोगी प्रोस्टेटमध्ये बारीक नळ्या आणि मोकळ्या जागा असतात, तिथले पाण्याचे रेणू सैल फिरतात. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढतात, पाण्याला हलायला वाव उरत नाही. एमआरआयचा डिफ्यूजन नावाचा भाग हीच अडलेली हालचाल टिपतो. त्याच्या नकाशावर करड्या ग्रंथीत एक काळा ठिपका उठून दिसतो. मग आम्ही त्या जागेला एक ते पाच गुण देतो. एक-दोन म्हणजे काळजीचं कारण फारसं नाही, चार-पाच म्हणजे तिथे सुई हवी. तीन हा गुण मात्र सगळ्यांनाच विचार करायला लावतो.

दुसरा फायदा माझ्या मते अधिक मोठा आहे. २०१८ च्या 'प्रिसिजन' चाचणीत ११ देशांतले ५०० पुरुष होते. एमआरआयच्या गटातल्या २८ टक्के लोकांना बायोप्सी करावीच लागली नाही. तरीही त्या गटात धोक्याचा कॅन्सर जास्त सापडला, ३८ टक्के विरुद्ध नेहमीच्या बायोप्सीच्या गटातले २६. आणि निरुपद्रवी कॅन्सर कमी सापडला, ९ टक्के विरुद्ध २२. कॅन्सर कमी सापडणं चांगलं कसं, असं नातेवाईक विचारतात. प्रोस्टेटमधले बरेच कॅन्सर इतके मंद असतात की माणूस त्यांच्यासह जगून दुसऱ्याच कशाने तरी जातो. ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात असा कॅन्सर सापडलेल्या १,६४३ पुरुषांपैकी पंधरा वर्षांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने ४५ जण गेले. ऑपरेशन, रेडिएशन की नुसती नजर ठेवणं, यामुळे त्या आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण आपल्या घरात 'कॅन्सर' हा शब्द एकदा उच्चारला गेला की नुसती नजर ठेवायला कोण तयार होतं? मुलगा म्हणतो, काय ते काढून टाका डॉक्टर. मग ज्या गाठीने काही बिघडवलं नसतं तिच्यासाठी माणूस उरलेलं आयुष्य लघवी गळण्याच्या लाजेत काढतो, लग्नकार्याला जायचं टाळतो. असा कॅन्सर न सापडणंच त्याच्या हिताचं असतं.

आता खर्च. माझं सेंटर एमआरआयवर चालतं, तेव्हा वाचकांनी माझं म्हणणं तपासूनच घ्यावं. २०२५ मध्ये 'प्राइम' चाचणीचे निष्कर्ष आले. शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता केलेला छोटा एमआरआय धोक्याचा कॅन्सर शोधण्यात पूर्ण एमआरआयइतकाच चांगला ठरला. तीस-चाळीस मिनिटांचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं, इंजेक्शनचा खर्च वाचतो. त्याच मशीनवर दिवसाला जास्त माणसं बसतात, तेव्हा दर उतरवायला आम्हा सेंटरवाल्यांना सबब उरत नाही. एमआरआय आणि सोनोग्राफीची चित्रं एकमेकांवर बसवणारं महागडं फ्यूजन यंत्रही अडून बसण्याइतकं गरजेचं नाही. नेदरलँड्समधल्या 'फ्यूचर' चाचणीत फ्यूजन यंत्राने, एमआरआयच्या आतच, किंवा फिल्म बघून नजरेने जागा ठरवून, अशा तिन्ही रीतींनी सुई मारली, तरी निकालात मोठा फरक आला नाही.

गरज आहे ती वाचणाऱ्या डोळ्यांची. जुन्या जंतुसंसर्गाची जागा, टीबी, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी दिलेल्या बीसीजी औषधाने आलेली सूज, हे सगळं चित्रात कॅन्सरसारखं दिसू शकतं, आणि टीबी आपल्याकडे आहेच. एमआरआय स्वच्छ असूनही लहान ग्रंथीच्या मानाने पीएसए फार जास्त असेल, किंवा वडील-भावाला हा आजार असेल, तर बायोप्सीचा विचार करावाच लागतो. उलट, पीएसए शेकड्यात गेलेलं, कंबर दुखतेय, बोटाने तपासताना ग्रंथी दगडासारखी लागते, अशा माणसाला सुईची जागा शोधण्यासाठी एमआरआयला थांबवू नये. आमच्या भागात असे उशिरा आलेले लोक अजून पुष्कळ आहेत. त्यांचा तुकडा लगेच काढून उपचार सुरू व्हावेत.

सुई कुठून जाते याकडेही लक्ष द्यायला हवं. गुदद्वारातून गेलेली सुई आतड्यातले जंतू सोबत नेते, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारे जंतू आपल्या देशात फार आहेत. अंडकोषाच्या मागच्या त्वचेतून, जागा बधिर करून, सुई घातली तर हा धोका खूप कमी होतो. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. तसं होणं अत्यंत दुर्मीळ आहे.

सरकारी योजनांमध्ये ऑपरेशन, रेडिएशन, केमोथेरपी यांची पॅकेजं आहेत. निदानाआधीची ओपीडीतली तपासणी बहुतेकदा घरच्यांच्या खिशातून होते. म्हणूनच एमआरआय मागे पडतो आणि स्वस्त वाटणारी सुई पुढे जाते. बायोप्सीआधीचा हा छोटा, इंजेक्शनविना एमआरआय ठरावीक दरात योजनेत घालावा. जिथे यंत्र आहे त्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातली एक दुपार प्रोस्टेटसाठी राखून ठेवावी, आणि त्या दुपारी युरॉलॉजिस्ट व रेडिओलॉजिस्ट यांनी एकाच पडद्यासमोर बसून सुई कुठे जाणार, किंवा जाणारच नाही, हे ठरवावं. यासाठी नवी इमारत लागत नाही. वेळापत्रक बदलायला लागतं आणि योजनेच्या यादीत एक ओळ वाढवायला लागते.