फर्स्ट टाक, क्लच हळू सोड...

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचा दीड वाजलेला. एफ.ई.चा एक मुलगा कॉरिडॉरमध्ये पोट धरून बसलेला, घामाने नुसता निथळत होता. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, तर "निघालीय, पाऊण तास लागेल" असं उत्तर आलं. रेक्टर सरांच्या पायाला प्लॅस्टर. सरांनी खिडकीतूनच आवाज दिला, "अरे, माझी गाडी न्या!" आणि किल्ली खाली टाकली.

खाली आम्ही सहाजण उभे. सहाच्या सहा मेकॅनिकलचे! प्रत्येकाच्या जर्नलमध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्सची आकृती, शेडिंगसकट आणि सरांच्या सहीसकट. आणि गाडी मात्र एकालाही हलवता येईना.

दोघांकडे कारचं लायसन्स होतं. दोघांच्याही घरी ऑटोमॅटिक. क्लच त्यांनी दाबला होता तो ड्रायव्हिंग स्कूलचे पंधरा दिवस आणि टेस्टच्या दिवशी. त्यांनी पार्किंगच्या चढावर गाडी आळीपाळीने पाच वेळा बंद पाडली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण काय, तर माझे वडील एसटीत ड्रायव्हर! मला येत असणारच! मी मोठ्या ऐटीत बसलो. गाडीने दोन आचके खाल्ले, तिसऱ्याला बंद पडली आणि हँडब्रेक विसरल्यामुळे मागच्या नारळाच्या झाडाकडे निघाली. घरी आमच्याकडे फक्त स्प्लेंडर आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात वॉचमन मामा टॉर्च घेऊन आले. "उतरा खाली," एवढंच म्हणाले. वॉचमन होण्याआधी मामांनी बरीच वर्षं टेम्पो चालवलेला. त्यांनी फर्स्ट टाकला, एका हाताने हँडब्रेक सोडता सोडता पाय क्लचवरून उचलला, आणि गाडी तसूभरही मागे न येता गेटबाहेर पडली. अपेंडिक्स होतं. पहाटे ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत."

पोरगा आता ठणठणीत आहे, मेसमध्ये माझ्यापेक्षा दोन चपात्या जास्त खातो. पण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. गिअरची दांडी आता चालली, हे दिसतंच आहे. मग तिच्याबरोबर नक्की काय चाललंय? आणि त्याचं आपण वाईट वाटून घ्यावं की नाही?

आधी थोडी उजळणी करू. (ओरलला उपयोगी पडेल!) पेट्रोल-डिझेल इंजिनाची मूळ अडचण अशी, की शून्य आरपीएमला ते काहीच देत नाही. त्याला आधी फिरतं ठेवावं लागतं, आणि ठरावीक वेगातच त्याच्यात जोर असतो. चाक मात्र शून्यापासून सुरू होतं. फिरतं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच, आणि चढ-उतार बघून दोघांचा हिशेब जुळवणारी ती गिअरबॉक्स. पहिल्या गिअरचा रेशो साडेतीन आणि डिफरन्शिअलचा चार धरा, म्हणजे इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत जाताना चौदा पट होतो. वेग तितकाच कमी होतो. फुकट काहीच मिळत नाही!

हा हिशेब पूर्वी माणूस करायचा. हाताने, पायाने आणि कानाने. आपल्या घरांतून त्याचे किती प्रकार होते! चेतकचे चार गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि अख्खी मूठ पिळायची. पद्मिनी टॅक्सीची दांडी स्टिअरिंगखाली. टॅक्सीवाला ती अशी फिरवायचा की जणू चहात साखर ढवळतोय. आणि एसटीचा तो लांबलचक दांडा! इंजिनाबरोबर तोही थरथरायचा. ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून आपण सगळ्यांनीच लहानपणी तोंडाने आवाज काढत तो दांडा हवेत टाकलेला आहे. टाकला नसेल, तर तुमचं बालपण तपासून बघा.

आता यातलं काय उरलं? अ‍ॅम्बॅसिडर २०१४ साली बंद झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्याचा निरोप घेतला. बजाजने २००९ साली स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि २०१९ मध्ये चेतक हे नाव परत आणलं, पण विजेवर चालणारं आणि बिनगिअरचं. चारचाकीत २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी आली, आणि ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंताची चैन ही समजूत मोडली. एएमटीची गंमत बघा. आतली गिअरबॉक्स तीच, जी आपण जर्नलमध्ये काढतो. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडी हलवणारा हात काढून तिथे अ‍ॅक्च्युएटर बसवलाय. म्हणजे गिअर कुठेच गेलेला नाही, आपला हात गेला! २०२० साली तर उलटाच प्रकार आला: ह्युंदाईच्या व्हेन्यूमध्ये दांडी ठेवली आणि क्लचचं पेडलच काढून टाकलं.

आणि इलेक्ट्रिक गाडीत तर प्रश्नच मिटला. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क देते, वर हजारो आरपीएमपर्यंत फिरते. तिला मध्यस्थ लागतच नाही. एक रिडक्शन गिअर दिला की काम झालं.

हे सगळं मी सुट्टीत अण्णांना रंगवून सांगितलं. म्हटलं, "अण्णा, तुमची कला संपत चालली, वाईट वाटत असेल ना?" मला वाटलं, अण्णा जुन्या आठवणींत बुडतील. अण्णांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि म्हणाले, "ह्याला इचार."

डावा गुडघा. गेली चार वर्षं त्याला रोज रात्री तेल लागतं.

मी हॉस्टेलवर आल्यावर एका कागदावर हिशेब मांडला. खेड्यापाड्यातली फेरी, तीस थांबे. प्रत्येक थांब्यावर थांबताना एकदा क्लच, निघताना पहिला, दुसरा, तिसरा धरून तीनदा. झाले चार. दिवसाला चार फेऱ्या म्हणजे ४८० वेळा. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर वर्षाला जवळजवळ दीड लाख. अण्णांची नोकरी अठ्ठावीस वर्षांची. रजा वजा केल्या तरी चाळीस लाखांच्या आसपास! यात घाट धरलेला नाही, म्हशी आडव्या आल्या तेही धरलेलं नाही. फटीगचे प्रॉब्लेम आपण स्टीलसाठी सोडवतो. गुडघ्याची एस-एन कर्व्ह कुणी काढत नाही.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) अशी धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला एसटीने 'शिवाई' ही इलेक्ट्रिक बस सुरू केली. चौऱ्याहत्तर वर्षांत एका मार्गावर केवढा फरक पडला! अण्णा अशा एका गाडीत नुसते बसून आले. मी विचारलं, "कशी वाटली?" म्हणाले, "पाय मोकळा हाय ड्रायव्हरचा. बरं वाटलं बघून."

दुसरी साक्ष आईची. आई अंगणवाडी सेविका. वस्ती घरापासून सहा किलोमीटर. बरीच वर्षं ती वडापच्या जीपची वाट बघत उभी राहायची. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तिने जुनी अ‍ॅक्टिव्हा घेतली आणि आठ दिवसांत शिकली. "गिअरची असती तर मी हात लावला नसता," असं ती स्वतःच सांगते. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, पुढे स्कूटी, अ‍ॅक्टिव्हा. या बिनगिअरच्या गाड्यांनी आपल्या गावागावांतल्या बायकांना जेवढं फिरतं केलं, तेवढं कुठल्या भाषणांनी केलं असेल असं मला वाटत नाही. (आणि मेकॅनिकलवाल्यांनो, बिनगिअरची म्हणू नका! व्हेरिएटरच्या दोन पुल्यांवर पट्टा वरखाली सरकतो, म्हणजे खरं तर तिच्यात अगणित गिअर आहेत.)

म्हणून "मॅन्युअल चालवतो तोच खरा ड्रायव्हर" असं कट्ट्यावर छाती ठोकून सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं, तेव्हा डबल क्लच मारून दात जुळवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांनीही असंच नाक मुरडलं असेल. आज आपण ज्याला अस्सल म्हणतो, ती त्यांच्या दृष्टीने सवलतच होती. आणि हौसेने गिअर टाकणं वेगळं, पोटासाठी दिवसाला पाचशे वेळा टाकणं वेगळं. हौस परवडणाऱ्यांसाठी कंपन्या सोय करतातच. पोर्शेने २०१३ ची ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिकमध्ये आणली, गिऱ्हाइकं नाराज झाली, आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आलं. ह्युंदाईने तर २०२३ मध्ये आयोनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर दिले! मोटरला गरज नसताना सॉफ्टवेअर मुद्दाम धक्का देतं, आवाज काढतं. हे वाचून मी आधी हसलो, मग जरा वाईट वाटलं. ज्या गोष्टीची नक्कल करावीशी वाटते, तिच्यात काहीतरी होतं खास.

ते काय होतं? याचंही उत्तर अण्णांकडेच मिळालं. आंबा घाट उतरताना ते नेहमी म्हणायचे, "ज्या गिअरात चढतोस, त्याच गिअरात उतरायचं." डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांवर ते फार चिडायचे. का, ते मला टी.ई.ला कळलं. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल टाकला की सगळा भार ब्रेकवर. ते तापतात, आणि तापले की पकड सोडतात. अण्णा आठवी पास. 'इंजिन ब्रेकिंग' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही, पण पायाच्या तळव्यातून त्यांना तो कळत होता. गाडी कधी दमली, कधी ओझं झालं, क्लच कधी जळायला लागला, हे त्यांना आवाजावरून आणि वासावरून समजायचं. "गाडी बोलती, ऐकायचं," हे त्यांचं आणखी एक वाक्य.

आणि हे ज्ञान नव्या गाडीतही जुनं होत नाही. इलेक्ट्रिक बस उतारावर मोटरनेच वेग धरते आणि वर बॅटरीही भरते. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर? तर ती वीज घेणार कोण? मग ते धरून ठेवणं कमी होतं आणि भार पुन्हा ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर चार्जिंग करून लगेच उतरायला निघालेल्या गाडीचा हा प्रश्न खरा आहे. मला तो पुस्तकात सुचला नाही, अण्णांच्या त्या वाक्यामुळे सुचला.

तर माझं म्हणणं एवढंच. दांडी जाऊ दे. तिच्यासाठी गळा काढायचं कारण नाही. अण्णांचा गुडघा आणि आईची अ‍ॅक्टिव्हा बघितल्यावर तर मुळीच नाही. पण आपण तिघा-चौघा सरांच्या हाताखाली चार वर्षं यंत्र शिकणार आणि यंत्राला कधी हातच लावणार नाही, याचं मात्र वाईट वाटलंच पाहिजे. त्या रात्री आम्ही सहाजण हरलो ते मॅन्युअल येत नाही म्हणून नव्हे. आम्हाला आकृती येत होती आणि गाडी येत नव्हती. क्लच कुठे पकडतो हे आम्हाला माहीत होतं ते 'फ्रिक्शन लायनिंग' म्हणून. पायाला माहीत नव्हतं. उद्या गिअर जाऊन इन्व्हर्टर आणि कंट्रोलर आले, तरी आपण असेच राहिलो तर तिथेही आपलं हेच होणार. पार्किंगच्या चढावर आपण बंद, आणि टॉर्च घेऊन येणारे मामा तेव्हा असतील का, कुणास ठाऊक!

आपल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक गिअरबॉक्स कापून, लाल-पिवळा रंग देऊन ठेवलेली आहे. बघायला छान, पण फिरत नाही. आमच्या सरांना विनंती, की भंगारातून एक न कापलेली आणा. आम्ही ती उघडू, हात काळे करू, परत जोडू. एखादा बेअरिंग उरलाच, तर पुन्हा उघडू.

आणि मित्रमैत्रिणींनो, एक बातमी. रेक्टर सरांचं प्लॅस्टर निघालं. दर रविवारी सकाळी सात वाजता सर गाडीची किल्ली देतात आणि ग्राउंडच्या मागच्या रस्त्यावर मामा शिकवतात. फी म्हणून एक कटिंग चहा. गर्ल्स हॉस्टेलमधून पाचजणी येतात आणि आमच्यापेक्षा लवकर शिकतात, हेही कबूल केलं पाहिजे. रांगेत सगळ्यांत पुढे असतो तो अपेंडिक्सवाला. मला अजून चढावर थोडी मागे येते. मामा शेजारी बसून शांतपणे एकच वाक्य म्हणत राहतात, "फर्स्ट टाक, क्लच हळू सोड... घाई नको, ती सांगेल कधी निघायचं ते."