शर्यतीतला आसूड आणि आपला गाडीतळ



गेल्या उन्हाळ्यात गाळप आटोपल्यावर चार दिवस थोरल्या बहिणीकडे भाईंदरला जाऊन आलो. मीरा-भाईंदर म्हणजे आता नुसत्या इमारतीच इमारती. उसाचे कांडे दिसते ते फक्त रसाच्या गाड्यावर! भाच्याने मला घोडबंदरचा किल्ला दाखवला. पूर्वी या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. घोड्यांचा विषय निघाला तसा त्याने मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली एक चित्रफीत काढून दाखवली. पहाटेच्या वेळी हमरस्त्यावर दोन टांगे सुसाट सुटलेले, बाजूने मोटारसायकलवाले हॉर्न वाजवत चाललेले, आणि हाकणाऱ्याचा चाबूक घोड्याच्या पाठीवर थांबायलाच तयार नाही. मी म्हटले, "काय ही माणसं! मुक्या जनावराचे हाल."

पोरगा म्हणाला, "मामा, तुमच्याकडे बैलगाड्या पण अशाच मारून पळवतात ना?"

मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे, म्हणून या अंकात रोप लागवडीऐवजी यावर लिहितो. रागावू नका.

पहिल्यांदाच सांगून टाकतो, मी शर्यतीच्या विरोधातला माणूस नाही. वडिलांच्या खांद्यावर बसून पुसेगावच्या यात्रेतले मैदान पाहिलेला आहे. खिल्लार बैल मान काढून सुटला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या, तेव्हा तुमच्याइतकेच मलाही वाईट वाटले होते. बैल हा घोड्यासारखा पळण्यासाठी घडलेला प्राणी नाही, तो भीतीने पळतो, असे न्यायालयाने म्हटले होते. आपण म्हणालो, कोर्टाला बैल काय कळतो! पण त्याच कोर्टापुढे शेपूट पिरगाळण्याचे, चावण्याचे, मारण्याचे आणि टोचण्याचे अहवाल गेले होते. ते खोटे होते असे छातीवर हात ठेवून सांगणारा आपल्यात कोण आहे?

पुढे २०१७ साली विधिमंडळाने कायदा केला, त्यावर उच्च न्यायालयाची स्थगिती आली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली. गावोगाव गुलाल उधळला गेला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. गुलालाच्या धुरळ्यात एक गोष्ट मात्र आपण नीट वाचली नाही. नव्या कायद्याने आणि नियमांनी जनावराचे हाल पुष्कळ कमी होतात, या भरवशावर ही परवानगी टिकली आहे. नियम काटेकोर पाळले जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. आणि नियम काय आहेत? धाव एक हजार मीटरच्या आत हवी. हाकणाऱ्याने काठी, चाबूक वा विजेचा धक्का देणारे साधन वापरायचे नाही. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

आता मैदानात काय चालते ते तुम्ही पाहता आणि मीही पाहतो. सुरुवातीला सगळे शिस्तीत असते. माइकवरून "काठी लावायची नाही" अशी घोषणा होते. शेवटच्या शंभर-दोनशे फुटांत मात्र कुठून तरी काठी निघते, नाही तर मूठ बसते. पंच दुसरीकडे बघतात, कारण गाडी कुणाची आहे हे त्यांना ठाऊक असते. बंदी पुन्हा आली तर ती पेटाने आणली, शहरवाल्यांनी आणली, असे म्हणायला आपण मोकळे! पण तिचे कारण आपणच तयार करून ठेवत आहोत.

बरे, माराने बैल खरेच जास्त पळतो का? बैलांवर कुणी मोजमाप केल्याचे मी वाचलेले नाही, पण घोड्यांवर झाले आहे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली शर्यतीच्या घोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाबकाचे फटके बसतात ते शेवटच्या चारशे मीटरमध्ये. पण घोड्यांचा सर्वांत जास्त वेग त्याच्या आधीच्या टप्प्यात भरला, जिथे चाबूक लागलाच नव्हता. पुढे जास्त फटके खाणारा घोडा जास्त पळाला असेही आढळले नाही. त्याच देशात घोड्यामागे हलकी दुचाकी गाडी जुंपून दुडक्या चालीने पळवण्याच्या शर्यती होतात. तिथल्या संघटनेने २०१६ साली चाबूक साफ बंद करण्याचे जाहीर केले होते. पुढे हाकणाऱ्यांनी विरोध केला, आणि बंदीऐवजी मारण्याच्या पद्धतीवर बंधने आली. म्हणजे हात आवरत नाही तो फक्त आपल्याच माणसाचा, असे नाही. नॉर्वेने मात्र १९८२ सालीच घोड्याला पळवण्यासाठी चाबूक मारणे बंद केले, आणि तिथल्या शर्यती आजही चालू आहेत.

एवढ्या लांब तरी कशाला जायचे! खेड, आंबेगाव, जुन्नरकडचा घाट बघा. तिथे बहुधा गाड्यावर हाकणारा माणूसच नसतो. पुढे घोडी पळते, मागे बैल सुटतात आणि काही सेकंदांत बारी संपते. त्या बैलाला पळताना कोण मारायला जाणार? तिथला जाणता गाडामालक सांगेल की बारी जिंकली जाते ती गोठ्यात, खुराकावर आणि रोजच्या सरावावर. ज्याला शेवटच्या शंभर फुटांत काठी काढावी लागते, त्याची तयारी कमी पडली, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंत वाचून काही सभासद माना डोलावतील, कारण शर्यतीचे बैल मोजक्या लोकांकडेच आहेत. पण भाच्याने विचारलेला प्रश्न मला खरा टोचला तो आपल्या गाडीतळावरून. शर्यतीचा बैल वर्षातून काही वेळा एखादा मिनिट पळतो. उसाचा बैल हंगामाचे चार-पाच महिने रोज ओढतो, आणि त्याला मारताना बघायला कोणी कॅमेरा घेऊन उभा नसतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅनॉलच्या चढावर एक टायरगाडी अडली. मागे आठ-दहा गाड्या तुंबल्या, आणि गव्हाण रिकामी पडेल म्हणून मला फोनवर फोन. मी मोटारसायकल लावून ओरडलो, "हाण की, बघत काय उभा राहिलास!" गाडीवानाने पराणी टोचली. डावीकडचा बैल गुडघ्यावर आला, पण गाडी तसूभरही हलली नाही. मग त्या गाडीवानाची बायको काही न बोलता वर चढली आणि मोळ्या खाली टाकू लागली. पंधरा-वीस मोळ्या उतरल्या आणि गाडी आपसूक चढ चढून गेली. बैलाच्या पुठ्ठ्यावरचे रक्त मी पाहिले. टोचणारा हात त्याचा होता, पण ओरडलो मी होतो.

गाडीवानाला दोष देणे सोपे आहे. तो बिचारा उचल घेऊन बीडकडून आलेला, त्याला पैसे टनावर मिळतात. मग तो अडीच-तीन टन भरणारच. टनाचा दर आपण ठरवतो, रांग आपण लावतो, चढ आणि चिखलही आपल्याच रस्त्यावरचा. ओझे आपले, आसूड तेवढा त्याचा! १९६५ पासून देशात ओढकामाच्या जनावरांचे नियम आहेत. टोकदार खिळ्याची पराणी वापरायची नाही. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. जनावराच्या आकारमानावर आणि चाकाच्या प्रकारावर ओझ्याची मर्यादाही ठरलेली आहे. मार्चअखेरच्या आपल्या गाडीतळावर यातले काय पाळले जाते, हे मी लिहायला नको.

काही जण विचारतील, मग बैल आवरायचा कसा? वेसण आणि कासरा कशासाठी आहेत? आसूड हवेत कडाडला तरी शहाणा बैल चालतो. माझ्या वडिलांनी "सर्जा" म्हटले की आमचा बैल उठून जुवाखाली मान घालायचा. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याच्या नावाने असूड उचलला तो सावकार आणि सरकारी कामगारांवर, जनावरावर नव्हे!

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे काही सूचना मांडाव्यात असे मनात आहे. गाडीतळाच्या चढावर हंगामभर एक ट्रॅक्टर नुसता अडलेल्या गाड्या ओढायला उभा ठेवावा. डिझेलचा खर्च मेलेल्या बैलाच्या किमतीपुढे काहीच नाही. फाटकावर पराण्या काढून घ्याव्यात. रांगेला पत्र्याची सावली आणि पाण्याची टाकी हवी. वाळवा तालुक्यातील राजारामनगरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी २०२२ साली बैलगाडीला पुढे आधाराचे चाक बसवून मानेवरचा भार कमी करण्याची युक्ती काढली होती. तशी दहा गाड्यांवर बसवून बघायला काय हरकत आहे? आणि आपल्या परिसरात ज्या शर्यतीला कारखाना ढाल देतो, तिथे बक्षीस देण्यापूर्वी पशुवैद्यकीय डॉक्टरांनी बैलाची पाठ आणि पुठ्ठे तपासावेत. वळ दिसला तर ढाल दुसऱ्या नंबराला.

शेवटच्या सूचनेवर बरीच बोंब होईल हे मी जाणून आहे. संचालक मंडळातही दोन-तीन गाडामालक आहेत. तरी सभासदांनी आपले मत, विरोधातले असले तरी, महिनाअखेर गट ऑफिसात लेखी द्यावे. भाच्याला मी येत्या हंगामात गाळप बघायला बोलावले आहे. तो दिवाळीनंतर येतो म्हणाला.

— ऊस विकास अधिकारी